लहान पिल्लाचे पोट बिघडल्यावर पहिल्या चोवीस तासांत काय करावे

गेल्या जुलैत जत तालुक्यातून कारवान जातीच्या कुत्र्याचे नऊ आठवड्यांचे पिल्लू आम्ही सांगलीला घरी आणले, तेव्हा आईने कौतुकाने वाटीभर म्हशीचे दूध त्याच्यापुढे ठेवले आणि मीही तिला थांबवले नाही. त्याच रात्री दोनच्या सुमारास त्याला गोणपाटावर पिवळसर, पातळ शी झाली, पहाटेपर्यंत आणखी दोनदा झाली, आणि घरातले सगळे जागे होऊन विचारू लागले की याला आता काय द्यायचे. हा प्रश्न सगळ्यांच्याच तोंडी प्रथम येतो, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी पिल्लाच्या अंगात पाणी आणि ताकद किती शिल्लक आहे हे पाहावे लागते, कारण घरी थांबायचे की तडक दवाखाना गाठायचा याचा निर्णय त्यावरच होतो.

मोठा कुत्रा दिवसभर जुलाबाने हैराण झाला तरी बहुधा तग धरतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगावर चरबी नाममात्र असते, यकृतातला साखरेचा साठा काही तासांत संपतो आणि शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते, त्यामुळे संध्याकाळी खेळत असलेले पिल्लू सकाळपर्यंत मान टाकू शकते.

पाहणी हिरड्यांपासून सुरू करावी. वरचा ओठ हलकेच उचलून सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने दाबावी आणि बोट काढावे. दाबलेली जागा पांढरी पडते आणि निरोगी पिल्लात दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. त्या रात्री मी विजेरीच्या उजेडात हेच केले तेव्हा पांढरा ठिपका एक अंक मोजेपर्यंत नाहीसा झाला, हिरडी ओलसर व बुळबुळीत लागली, आणि तेवढ्यावर निम्मी काळजी मिटली. हिरडी चिकट किंवा कोरडी लागली, रंग परत यायला वेळ लागला किंवा ती मुळातच पांढुरकी दिसली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. काही पिल्लांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, तेव्हा खालची पापणी किंचित ओढून तिच्या आतला रंग पाहावा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडण्याची पद्धत पुष्कळांना ठाऊक असते, परंतु लहान पिल्लांत ती फसवी ठरते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. साधा डिजिटल थर्मामीटर टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून लावल्यास या वयाच्या पिल्लाचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट यावे. १०३ च्या वर किंवा १०० च्या खाली आल्यास ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर परात ठेवून, तीत पिल्लू बसवून वजन घ्यावे आणि वेळेसह लिहून ठेवावे. आमचे पिल्लू साडेचार किलोचे होते. अशा पिल्लाचे वजन दिवसभरात सव्वादोनशे ग्रॅमने उतरले, तर वरून ते कितीही टवटवीत दिसले तरी अंगातले पाणी घटत चालले आहे असे धरावे.

शीकडे नीट पाहण्याचा संकोच करू नये. दोऱ्यासारखे किंवा शेवयांसारखे लांब पांढरे जंत दिसले तर ते गोल जंत असतात. यात नवल काही नाही, कारण हे जंत आईच्या गर्भातून आणि दुधातूनच पिल्लात उतरतात, म्हणून चांगल्या घरातून आणलेल्या पिल्लालाही ते असू शकतात. भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात आणि तो पिसवांमार्फत येतो, म्हणजे जंतांबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. शेंबडासारख्या चिकट शीवर लाल रेघ असेल तर मोठ्या आतड्याला सूज असते. डांबरासारखी काळी शी म्हणजे वरच्या आतड्यातले पचलेले रक्त, आणि त्याबरोबर हिरड्या फिकट असतील तर रक्त पिणाऱ्या अंकुशकृमींचा संशय घ्यावा. लालसर, पाण्यासारखी आणि सडक्या वासाची शी पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची असू शकते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

पाहणी समाधानकारक असेल, उलटी नसेल किंवा एखादीच झाली असेल आणि पिल्लू शेपूट हलवत असेल, तर घरी उपचार करता येतात. त्यात पाणी सर्वांत महत्त्वाचे. औषधांच्या दुकानात मिळणारे ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्णपणे विरघळवावे. अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजाने घातल्यास मिठाचे प्रमाण चुकते. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. फळांच्या चवीची बाटलीबंद पेये ओआरएससारखी दिसली तरी वापरू नयेत. साडेचार किलोच्या पिल्लाला दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन लहान चमचे पाणी वाटीतून चाटू द्यावे. उलटी झाली असेल तर तासभर पोट शांत ठेवून मग एका चमच्याने सुरुवात करावी. पिल्लू पडून असताना सिरिंजने जबरदस्तीने पाणी ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. जे पिल्लू स्वतःहून पीत नाही त्याला सलाइनची गरज असते आणि ते घरी लावता येत नाही.

मोठ्या कुत्र्याला अशा वेळी दिवसभर उपाशी ठेवतात आणि तोच सल्ला पिल्लासाठीही दिला जातो, पण तो धोक्याचा आहे. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला लंघन घडवू नये. रक्तातली साखर उतरली की पिल्लू झोकांड्या खाते, अंग गार पडते, कधी झटके येतात. तसे दिसताच बोटभर मध, घट्ट साखरपाणी किंवा आपल्याकडे घराघरांत असणारी काकवी त्याच्या हिरड्यांना आतून चोळावी, पिल्लू फडक्यात गुंडाळून उबेला धरावे आणि त्याच अवस्थेत दवाखान्याकडे निघावे.

अन्न म्हणून गरगटा भात आणि त्याच्या निम्म्या प्रमाणात कातडी व हाडे काढलेले उकडलेले कोंबडीचे मांस द्यावे. त्यात तेल, मीठ, तिखट, हळद काही नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको. घरात मांस शिजत नसेल तर भातात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा थोडे ताजे पनीर कुस्करून घालता येते. चमचाभर उकडलेला लाल भोपळाही शी बांधून यायला मदत करतो. दिवसाचे अन्न पाच-सहा वेळा विभागून द्यावे. आमच्या पिल्लाची शी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घट्ट होऊ लागली. मात्र या भाताला चार दिवसांहून अधिक ताणू नये, कारण वाढत्या हाडांना लागणारे कॅल्शियम त्यात नसते. शी सुधारली की मूळ खाद्य थोडे थोडे मिसळत पूर्वपदावर यावे.

हे मूळ खाद्य म्हणजे पिल्लू ज्या घरून आणले तिथे ते खात होते ते. पोट बिघडण्याचे नेहमीचे कारण जागा आणि खाद्य एकाच दिवशी बदलणे हेच असते, म्हणून आणताना आठवड्याचे जुने खाद्य मागून घ्यावे आणि सात ते दहा दिवसांत नव्यावर यावे. दुधाचे कोडेही इथेच सुटते. कुत्रीच्या दुधात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, गाई-म्हशीच्या दुधापेक्षा बरीच कमी असते, आणि दूध सुटू लागलेल्या पिल्लाची ती पचवण्याची शक्ती दिवसेंदिवस घटत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. पाहुण्यांनी हौसेने भरवलेल्या कंदी पेढ्यालाही हेच लागू आहे, आणि भडंगात तर लसूण असतो.

आता वडीलधाऱ्यांच्या उपायांविषयी लिहितो. ते मायेपोटीच सांगितले जातात, म्हणून नकारही आदराने द्यावा, पण ठाम द्यावा. तान्ह्या बाळाला जायफळ उगाळून देतात, तसे पिल्लाला देऊ नये, कारण त्यातला मायरिस्टिसिन हा घटक कुत्र्याच्या मज्जासंस्थेला बाधतो. जंत पडावेत म्हणून लसूण चारतात, पण लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, म्हणजे जंतांनी आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाचे उरलेले रक्तही जाते. घरात पडून असलेल्या माणसांच्या गोळ्यांपैकी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांतली एकही देऊ नये. जुलाब थांबवणारी गोळीही देऊ नये, कारण जंतुसंसर्ग असेल तर ती घाण आतच कोंडते.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल घरोघर द्राक्षे असतात, शेडमध्ये बेदाणा वाळत असतो आणि बारा महिने डब्यात बेदाणे असतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर धोका होतो याचा भरवशाचा हिशेब नाही, आणि वाळल्याने अंश एकवटत असल्यामुळे बेदाणा द्राक्षापेक्षा अधिक घातक ठरतो. पहिली खूण बहुधा उलटी आणि जुलाब हीच असते, म्हणून ती साधी अपचनाची समजली जाते. पिल्लाने बेदाणे खाल्ल्याचे कळले तर लक्षणांची वाट न पाहता, शक्य तो दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे न्यावे, म्हणजे त्यांना औषधाने उलटी करवता येते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. बागेत फवारणी झाली असेल आणि जुलाबाबरोबर लाळ गळणे, थरथर किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे दिसले, तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजून औषधाची रिकामी बाटली किंवा तिच्यावरचे नाव सोबत घेऊन धावावे.

आता पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि दीड ते सहा महिने वयाच्या, लस पूर्ण न झालेल्या पिल्लांना तो सर्वाधिक गाठतो. संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांनी आधी मरगळ येते, अन्नावरची वासना जाते, मग उलट्या आणि पुढे रक्ताचे जुलाब सुरू होतात. बारा वर्षांपूर्वी आमच्या एका पिल्लाने एका सकाळी खाणे सोडले, दुपारी दोनदा ओकले, आणि उष्णतेने झाले असेल असे म्हणून मी दोन दिवस त्याला ताक पाजत बसलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सलाइन लावायला शीर शोधली तेव्हा ती सापडेना, आणि ते पिल्लू गेले. म्हणून आता मी सर्वांना सांगतो की लस अपुरी असलेल्या पिल्लाने खाणे सोडले आणि उलटी केली, तर रक्त दिसण्याची वाट पाहू नये. विषाणूवर नेमके औषध इथे सहज मिळत नसले, तरी सलाइन, उलटी थांबवणारी औषधे, प्रतिजैविके आणि ऊब यांच्या आधाराने वेळेत नेलेली बहुसंख्य पिल्ले वाचतात. उपचाराविना बहुतेक दगावतात.

दवाखान्यात जाताना लहान डबीत ताजी शी, लसीचे कार्ड आणि वजन व वेळांची चिठ्ठी न्यावी. पार्व्होची तपासणी पट्टीवर दहा-पंधरा मिनिटांत होते, जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. तिथे पिल्लू हातातच ठेवावे, जमिनीवर सोडू नये. रात्रीचे काम कोण पाहतो हे संकट येण्याआधीच विचारून ठेवावे, कारण सरकारी दवाखाने रात्री सहसा बंद असतात. सातारा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या लोकांना शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय आहे.

जुलाब थांबले तरी घर स्वच्छ करण्याचे काम उरते. पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभरही टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी आधी साबणाने धुऊन मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी या मिश्रणाने पुसावी आणि ते दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. मातीच्या अंगणात हे जमत नाही, त्यामुळे लस न झालेले दुसरे पिल्लू तिथे वर्षभर आणू नये. गोल जंतांची अंडी माणसांच्या मुलांनाही बाधतात, म्हणून शी लगेच उचलावी आणि मुलांचे हात साबणाने धुवावेत.

जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, दर वेळी नव्याने वजन करून द्यावे, कारण वाढत्या पिल्लाला मागच्या महिन्याची मात्रा अपुरी पडते. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि बूस्टर सोळाव्या आठवड्यापर्यंत घ्यावे लागतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणून एक सुई टोचून झाली की काम झाले असे समजू नये. शेवटचा बूस्टर होऊन दोन आठवडे लोटेपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बाजारात किंवा कृष्णेच्या घाटावर खाली सोडू नये, आणि पावसाळ्यात डबक्याचे पाणी चाटू देऊ नये, कारण आतड्यात राहणाऱ्या जिआर्डिया या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग त्यातून होतो आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार, येतो.