पेशंट सांभाळायचं काम शिकताय? या चुका टाळा

कोर्स संपवून पहिल्या ड्युटीवर गेलेल्या मुलीचा आठवडाभरात फोन येतो. तक्रार बहुतेक ठरलेली असते. "ताई, आजोबा अंघोळच करू देत नाहीत," नाहीतर "ताई, माझी कंबर धरली." बीपी कसा मोजायचा हे विचारायला मला आजवर एकीनेही फोन केलेला नाही. प्रवेश घेताना मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच, बीपी शिकवणार का, इंजेक्शन शिकवणार का?

चूक तिथूनच सुरू होते. जनरल ड्युटी असिस्टंट म्हणा, घरी जाऊन सेवा करणारी अटेंडंट म्हणा, इंजेक्शन देणं तिचं काम नाही, ते नर्सचं. घरच्यांनी "रोजचं इन्सुलिनच तर आहे, टोचून टाक" म्हटलं तरी नाही म्हणायला शिका. तुमचं काम उठवणं, बसवणं, भरवणं, स्वच्छता ठेवणं आणि डोळे उघडे ठेवणं. त्यामुळे सेंटर निवडताना भिंतीवरचे सत्काराचे फोटो बघू नका. वर्गात खरी कॉट, व्हीलचेअर आणि कमोड चेअर आहे का ते बघा. हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात किती दिवस काम करायला मिळणार, हेही विचारा. सर्टिफिकेट हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं (आरोग्यसेवेतल्या कामांसाठी सर्टिफिकेट देणारी संस्था) मिळेल असं सांगत असतील, तर परीक्षा कोण आणि कधी घेणार ते फी भरण्याआधी विचारा. प्रॅक्टिकल "शेवटी दोन दिवसांत उरकू" म्हणणाऱ्यांकडे पैसे भरू नका.

काखेत हात घालून ओढणं

कंबर धरते ती इथे, आणि पेशंटचा खांदा निखळतो तोही इथेच. पॅरालिसिसच्या बाजूचे खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. तो हात धरून ओढला की सांधा सरकतो आणि पुढे महिनोन्महिने दुखत राहतो. तो हात धरून कधीच उठवायचं नाही.

व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या बाजूला, कॉटला थोडी तिरकी लावा. ब्रेक लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. ब्रेक विसरणाऱ्या मुली मी इतक्या पाहिल्यात की वर्गात ते तीनदा म्हणून घेते. पेशंटला कॉटच्या कडेला बसवा आणि पाय जमिनीला टेकलेत का बघा. लगेच उठवू नका, मिनिट-दोन मिनिटं बसू द्या. बराच वेळ झोपलेल्या माणसाचा बीपी उठताना खाली येतो आणि चक्कर येते. मग पावलं थोडी मागे घ्यायला सांगा आणि म्हणा, "आजी, नाक पुढे, पायाच्या बोटांवर आणा." वजन पुढे आलं की बरीच माणसं अर्धं काम स्वतःच करतात. तुम्ही पेशंटच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून फक्त आधार द्यायचा. हे जमत नसेल तर दुसऱ्या माणसाला हाक मारा. त्यात कमीपणा नाही.

एवढं करूनही तोल गेलाच, तर पेशंटला हवेत पेलायचा प्रयत्न करू नका. अंगाशी धरून हळूच जमिनीवर उतरू द्या आणि डोकं सांभाळा. पडल्यावर घाईने उचलू नका. कुठे दुखतंय ते आधी विचारा आणि घरच्यांना बोलवा.

कपडे घालताना आजारी हात बाहीत आधी, काढताना तो शेवटी. उलट केलंत की झटापट होते.

आडवं ठेवून भरवणं

पाणी पाजताना ठसका लागला की नवी मुलगी वरून आणखी पाणी पाजते. स्ट्रोकनंतर किंवा पार्किन्सन्समध्ये (कंपवातात) गिळणं मंदावलेलं असतं, आणि अशा पेशंटला पातळ पाणीच सगळ्यात अवघड जातं. ते घशातून झपकन उतरतं आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं. दाट पेज किंवा खिमट त्यामानाने सोपं. पण कुणाला किती दाट द्यायचं हे डॉक्टर किंवा गिळण्याचे थेरपिस्ट ठरवतात, आपण नाही. पेशंटला ताठ बसवा, हनुवटी थोडी खाली ठेवा, चमचा छोटा घ्या आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा देऊ नका. भरवताना टीव्ही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. पॅरालिसिसच्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, म्हणून शेवटी तोंडात बघा. जेवताना आवाज ओला, घरघरता झाला तर थांबा आणि कळवा. रोज ठसका लागत असेल तर त्याला "सवय" म्हणून सोडून देऊ नका.

लाल डागावर तेल चोळणं

आपल्याकडचा जुना उपाय म्हणून माकडहाडावर लाल डाग दिसला की तेल चोळतात. कुणी स्पिरिट चोळतं, कुणी पावडर थापतं. डाग बोटाने दाबून बघा. बोट काढल्यावरही तो फिका पडला नाही, तर बेडसोअरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. तिथे चोळलं तर आतलं मांस आणखी दुखावतं. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून जागा गरम, कडक किंवा आजूबाजूपेक्षा वेगळी लागते का ते हाताने पाहा. उपाय एकच, त्या जागेवरचा दाब काढायचा. साधारण दर दोन तासांनी कूस बदला, टाचा उशीवर अधांतरी ठेवा, ओला डायपर लगेच बदला. भोकाची हवेची रिंग खाली घालू नका, कडेने दाब उलट वाढतो. कूस बदलताना चादरीने उचला, फरफटत ओढू नका. आणि कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर युरीन बॅग कॉटवर ठेवायची नाही. ती कायम पोटाच्या पातळीखाली लटकलेली हवी.

"अंघोळ करायचीच नाही"

डिमेन्शिया म्हणजे स्मृती जाण्याचा आजार असलेल्या आजोबांना "काल पण केली नव्हतीत!" म्हणून जिंकता येत नाही. आधी कारण शोधा. बाथरूम गार आहे का, परक्या बाईसमोर कपडे काढायची लाज वाटते का, डोक्यावर अचानक तांब्या ओतला का? पाय आधी धुवा, खांद्यावर पंचा राहू द्या, साबण त्यांच्याच हातात द्या. तरीही नाही म्हणाले तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा, नाहीतर त्या दिवशी अंग पुसून घ्या. संध्याकाळी "मला घरी जायचंय" सुरू झालं की "हेच तुमचं घर" हा वाद घालू नका. "घरी कोण कोण आहे?" विचारा आणि चार पावलं बरोबर चाला. नेहमी शांत असलेला माणूस एकाएकी भ्रमात बोलू लागला, तर मात्र म्हातारपण म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्गही असू शकतो.

पैसे आणि कागद

बारा तास की चोवीस, सुट्टी कधी, भांडी-स्वयंपाक कामात येतो का, काम मिळवून देणाऱ्या ब्यूरोचं कमिशन किती, हे पहिल्या दिवशीच लिहून घ्या. मूळ सर्टिफिकेट कुणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. पेशंटच्या एटीएमचा पिन माहीत करून घेऊ नका. घरात म्हाताऱ्या माणसाला मारहाण होताना दिसली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे, सकाळी 8 ते रात्री 8.

परदेशाचं आमिष दाखवणारा एजंट भेटेलच. ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून बाहेरून नव्या केअर वर्करना व्हिसा देणं थांबवलं आहे, त्यामुळे त्या व्हिसासाठी आता पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

डायरी

"दिवसभर ठीक" एवढंच लिहून ड्युटी सोडू नका. रात्रीच्या बाईला त्यातून काही कळत नाही. असं लिहा: "सकाळी 9ला एक वाटी पेज, अर्धी उरली. दुपारनंतर 400 मिली पाणी. 3ला डावी कूस. डाव्या टाचेवर लाल ठिपका, दाबल्यावर फिका पडत नाही. सुनेला 3.10ला दाखवला."