युरिया जास्त झालेला फोटो आणि माझं लँडस्केप एडिटिंगचं शिक्षण

मी एडिट केलेला पहिला लँडस्केप फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तेव्हा मावशी, काकू, आत्या सगळ्यांनी फुलं आणि टाळ्या पाठवल्या, फक्त अण्णांनी रात्री फोन करून विचारलं, "एवढं हिरवं कुठं असतंय गं? युरिया जादा पडलाय का त्याला?" आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, सगळा भाताचा पट्टा, आणि युरिया जास्त पडला की भात कसा काळपट हिरवागार होतो आणि मग पहिल्या जोराच्या पावसात आडवा झोपतो हे अण्णांनी आयुष्यभर बघितलंय, त्यामुळे हिरव्या रंगाच्या बाबतीत त्यांना फसवणं अवघड. मला तेव्हा रागच आला होता. दोन दिवसांनी फोटो परत उघडला आणि म्हटलं, अरे देवा, हा तर प्लॅस्टिकच्या चटईचा रंग आहे.

फोटो होता हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्याचा. सप्टेंबरचा शेवट, पाचनईकडून चढलो होतो, दिवसभर धुकं, आणि संध्याकाळी साडेपाचला अचानक ढग खाली सरकले आणि कड्याची ती आत वळलेली अर्धगोल भिंत, तिच्यावर तिरका पिवळा उजेड, काठाला सोनकी फुललेली. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत येते ती १८-५५ची साधी लेन्स. सगळं शार्प यावं म्हणून एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करून, घेतला, कुणीतरी सांगितलं होतं तसं.

नव्याने शिकणाऱ्यांना मी आता एकच गोष्ट आवर्जून सांगते, ती म्हणजे पन्नास फोटो एकेकदा एडिट करण्यापेक्षा एकच फोटो निवडा आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी परत कोऱ्या फाईलपासून एडिट करा, जुना एडिट न बघता. मी ही कोकणकड्याची फाईल आत्तापर्यंत चौदा वेळा केलीय. सगळे एडिट शेजारी शेजारी लावले की आपण काय शिकलो आणि काय उगाच करत होतो हे कुठल्याही कोर्सपेक्षा स्पष्ट दिसतं. माझे पहिले चार बघवत नाहीत, पाचव्यात जरा माणसात आलेय.

पण त्यासाठी फाईल रॉ पाहिजे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अक्कलहुशारीने एडिट करून, नको वाटलं ते फेकून देऊन आपल्या हातात दिलेला फोटो, त्यात प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये त्याच १६,३८४ असतात. म्हणून जेपेगचं आकाश जरा ताणलं की त्यात पट्टे पडतात आणि रॉमध्ये बराच वेळ काही होत नाही. फक्त रॉ पहिल्यांदा उघडल्यावर निराश होऊ नका, तो मळकट, फिका, मेल्यासारखाच दिसतो, मला तर वाटलं होतं कॅमेरा बिघडलेला गळ्यात मारलाय. आणि रॉ म्हणजे जादू पण नाही, ढगाचा जो भाग पूर्ण पांढरा जळालाय तिथे काहीच माहिती नसते, कितीही हायलाइट्स, म्हणजे उजळ भागाचा स्लायडर, खाली ओढा, तिथे नुसता राखाडी डाग येतो. म्हणून ढगाळ दिवशी मी फोटो थोडा अंडर, म्हणजे जरा गडदच घेते. सावलीतून बरंच काही परत काढता येतं, जळालेल्या ढगातून नाही.

सॉफ्टवेअरवरून लोक उगाच भांडतात. मी डार्कटेबलवर शिकले कारण ते फुकट आहे, पण खरं सांगायचं तर पहिला महिना त्याने रडवलं, एकच काम करायला चार मोड्यूल आणि कुठलं कधी वापरायचं याचा पत्ता नाही. रॉथेरपी पण फुकट आहे. लाइटरूम सोपं आहे पण दर महिन्याला पैसे जातात. फोनवरच करायचं असेल तर बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ मिळतो आणि स्नॅपसीड तो उघडतं, सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. जे काही घ्याल त्यात सहा महिने टिका, एवढंच.

प्रीसेट, म्हणजे एका क्लिकमध्ये लागणाऱ्या आयत्या सेटिंग्ज, मात्र विकत घेऊ नका. मी घेतले होते, चारशे नव्व्याण्णवचा पॅक, सगळे "मूडी". ते बहुतेक कुठल्यातरी बर्फाळ देशातल्या पाइनच्या जंगलासाठी बनवलेले असावेत, आपल्याकडच्या फोटोवर लावले की काळा कातळ मोरपंखी होतो आणि सोनकी नारिंगी. चारशे नव्व्याण्णवात ट्रेकचं गाडीभाडं निघालं असतं.

आता हिरव्याकडे येते, कारण सह्याद्रीतला पावसाळी फोटो म्हणजे नव्वद टक्के हिरव्याची भानगड. जे मला कुणी सांगितलं नाही आणि कळायला वर्ष गेलं ते हे, की आपल्याला हिरवं दिसणारं गवत सॉफ्टवेअरच्या हिशोबात बरंचसं पिवळ्या स्लायडरमध्ये असतं. मी आपली हिरव्याचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, कमी करतेय, कमी करतेय, झाडं मरगळली तरी गवत आपलं भडकच. पिवळ्याला हात लावला तेव्हा कुठे गवत शांत झालं. शोधायची सोपी युक्ती म्हणजे स्लायडर आधी एकदम टोकाला न्यायचा, फोटोत नेमकं काय काय बदलतंय ते बघायचं आणि मग परत आणून हळूहळू सरकवायचा. पण पिवळं कमी केलं की नवीन पंचाईत, सोनकी पण पिवळीच ना! सगळ्या काठावरची फुलं वाळल्यासारखी झाली. सातव्या एडिटमध्ये मी मास्क शिकले ते केवळ सोनकीसाठी, ब्रशने फुलांचा पट्टा वेगळा काढला आणि त्याचं पिवळं परत दिलं. सगळ्या फोटोचं सॅच्युरेशन सरसकट वाढवण्यापेक्षा व्हायब्रन्स बरा, तो आधीच भडक असलेल्या रंगांना कमी ढकलतो, पण पावसाळी फोटोत मला त्याचीही फारशी गरज पडत नाही. खरं तर उलटच, माझ्या आताच्या एडिटमध्ये बहुतेक रंगांचे स्लायडर शून्याच्या खाली आहेत.

धुक्याचंही तसंच. धुकं कमी करणारा डीहेझ नावाचा स्लायडर दिसला की प्रत्येक नवीन माणूस तो उजवीकडे ओढतो, मीही ओढला, वाटलं कसलं भारी, लांबचे डोंगर पण दिसायला लागले. पण लांबचे डोंगर निळसर आणि फिके दिसतात म्हणूनच तर ते लांब वाटतात, मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते त्याचा तो परिणाम, आणि तोच पुसून टाकला की पाठीमागची सगळी रांग पुढे येऊन चिकटते, फोटो पोस्टरसारखा सपाट होतो. वर धुकं डिझेलच्या धुरासारखं मळकं दिसतं ते वेगळंच. आता मी डीहेझ फक्त जवळच्या कड्यावर, मास्क लावून, थोडासा देते आणि लांबच्या रांगांवर कधीकधी उणेमध्ये नेते.

कामाचा क्रम माझा साधारण असा आहे, आधी फोटो सरळ करायचा आणि लेन्सचं प्रोफाइल, म्हणजे लेन्समुळे आलेला वाकडेपणा काढणारी सेटिंग, लावायचं, मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा तोल, मग एकूण उजेड, हायलाइट्स-शॅडोज, मग रंग, मग मास्क, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी. व्हाइट बॅलन्सला घाई करू नका. ढगाळ वातावरणात साधारण साडेसहा हजार केल्विनच्या आसपास ठीक वाटतं, पण मी आकड्यापेक्षा ओल्या कातळाकडे बघते, आपला बेसाल्ट काळा-राखाडी असतो, तो जांभळा किंवा निळा दिसायला लागला की समजायचं कुठेतरी गडबड आहे. शॅडोज, म्हणजे सावल्या उजळवणारा स्लायडर, प्लस शंभर हा पण एक आजारच. कड्याच्या पोटातली सावली पूर्ण उजळवली की त्याची खोलीच जाते, खोल दरीत खाली बघतोय असं वाटायच्या ऐवजी आवारातली भिंत बघतोय असं वाटतं. आणि शॅडोजबरोबर कडा ठसठशीत करणारी क्लॅरिटी पण वाढवली की डोंगराच्या कडेला जी पांढरी रेघ उमटते ती एकदा दिसायला लागली की मग लोकांच्या प्रत्येक फोटोत तीच दिसते, हे आधीच सांगून ठेवते.

आकाश बदलायचा विषय निघाला म्हणून सांगते, मी करत नाही. दुसऱ्यांनी करावं, माझी ना नाही, पण निदान उजेड कुठून येतोय ते तरी बघा. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, तिथे मावळतीच समोर दिसते. त्याच्यावर "सोनेरी पहाट" लिहिलेले आणि सूर्य एकीकडे, सावल्या पण सूर्याकडेच, असे फोटो मी डोळ्यांनी बघितलेत.

आता माझे पराक्रम. एकदा सलग तीन रात्री बसून बारा फोटो केले, खूश होऊन सकाळी ऑफिसात जाऊन मैत्रिणीला दाखवले तर सगळे निळे, जणू फ्रीजमधून काढलेत. झालं असं की लॅपटॉपचा नाइट लाइट चालू होता, तो संध्याकाळनंतर स्क्रीन पिवळी करतो आणि मी त्या पिवळ्याला मारायला प्रत्येक फोटोत निळा ओतत बसले होते. दुसऱ्यांदा प्रिंट काढली तर ती अंधारी आली, लॅबवाल्याशी वाद घातला, त्याने शांतपणे विचारलं, स्क्रीनचा ब्राइटनेस किती ठेवता? फुल्ल. अंधाऱ्या खोलीत फुल्ल ब्राइटनेसवर बघितलं की फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो आणि आपण तो गडद करत जातो. आता दिवसा, खिडकीच्या उजेडात, निम्म्या ब्राइटनेसवर करते आणि लगेच कुठे पाठवत नाही, रात्रभर ठेवून सकाळी एकदा बघते. सकाळी नव्वद टक्के वेळा काहीतरी कमीच करावं लागतं.

तिसरा पराक्रम सगळ्यात महाग. फोटोशेजारी एक्सएमपी नावाच्या बारक्या बारक्या फाईल दिसायच्या, मला वाटलं कचरा आहे, डिलीट मारल्या आणि त्याच आठवड्यात लॅपटॉप फॉरमॅट केला. ही सॉफ्टवेअर्स मूळ रॉला हात लावत नाहीत, आपण काय काय केलं त्याची नोंद तेवढी त्या फाईलमध्ये आणि स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. मी दोन्ही घालवलं. आठ महिन्यांचं काम, रॉ सगळे जागेवर आणि एडिट एकही नाही. (कोकणकडा परत परत पहिल्यापासून करायची सवय त्यातूनच लागली, पण ते शहाणपण नंतरचं.) बॅकअप घेताना त्या फाईलसकट घ्या. आणि एक्सपोर्ट करताना रंगांची मोजपट्टी एसआरजीबीच ठेवा, ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या मोजपट्टीत पाठवला तर समोरच्याच्या फोनवर रंग मरून दिसू शकतात आणि आपण उगाच परत सॅच्युरेशन वाढवायला बसतो.

चौदावा एडिट या दिवाळीला प्रिंट केला, बारा बाय अठरा इंच. तीनशे डीपीआयला, म्हणजे दर इंचाला तीनशे ठिपके धरले तर, ५,४०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलमध्ये ते आरामात बसतं. मॅट पेपर, लाकडी फ्रेम, गावी घेऊन गेले. अण्णांनी चष्मा लावला, भिंतीजवळ गेले, बराच वेळ काही बोललेच नाहीत. हिरव्याबद्दल अवाक्षर नाही, मी मनातल्या मनात उड्या मारतेय. मग आकाशात उजव्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, "ही घार बरी घावली गं तुला."

मी जवळ जाऊन बघितलं. घार कसली, सेन्सरवरची धूळ होती. एफ/१६ ला ती अशी ठळक उमटते, चौदा वेळा एडिट करून एकदाही शंभर टक्के झूम करून आकाश तपासलं नव्हतं. फ्रेमचे साडेअकराशे गेले होते. म्हटलं हो अण्णा, घारच आहे.