ऑर्कनीत नव्याने येणाऱ्यांसाठी: डॉक्टर, समुद्र आणि हवामान

ऑर्कनीला नोकरी लागली की घरच्यांचा पहिला प्रश्न थंडीचा असतो आणि दुसरा, "तिकडे डॉक्टर असतात ना?" असतात, आणि चांगले असतात. पण इथली आरोग्यसेवा कशातून उभी राहिली ते ठाऊक नसेल, तर पहिल्याच आजारपणात तुमची चिडचिड होईल. म्हणून कामाच्या गोष्टींआधी थोडा इतिहास सांगते.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडची ही सत्तरेक बेटं. वस्ती त्यांतल्या वीसेक बेटांवर, सगळी मिळून बावीस हजारांच्या आसपास. किर्कवॉल आणि स्ट्रॉमनेस ज्या मोठ्या बेटावर आहेत त्याला इथे मेनलँड म्हणतात, आणि उरलेलं स्कॉटलंड म्हणजे 'साऊथ'. शेती मुख्यतः मांसासाठी पाळलेल्या गुरांची. जोडीला मेंढ्या, बार्ली आणि हिवाळ्यासाठी साठवलेलं गवत.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लहान बेटावर कुणी आजारी पडलं, तर डॉक्टरला आणायला होडी न्यावी लागे आणि परत सोडायलाही. होडीचा खर्च, वर डॉक्टरची फी. ज्याच्या हातात रोख पैसा गुरं विकल्यावरच यायचा, त्याने हे कुठून द्यायचं? त्यामुळे डॉक्टरला बोलावणं शेवटच्या घटकेपर्यंत लांबायचं. १९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला, पण तो पगारदारांसाठी. स्वतःच्या तुकड्यावर राबणाऱ्या शेतकऱ्याचा हप्ता कापायला मालकच नव्हता. ही अडचण पाहायला १९१२ साली सर जॉन ड्यूअर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने जे मांडलं ते वाचवत नाही: किती तरी माणसं डॉक्टरच्या नजरेस न पडताच दगावत होती, आणि डॉक्टरांची मिळकत इतकी तुटपुंजी की रजा नाही, पेन्शन नाही, राहायला धड घर नाही.

त्यातून १९१३ साली 'हायलँड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस', म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग आणि बेटं यांच्यासाठीची वैद्यकीय सेवा, सुरू झाली. सरकारने वर्षाला ४२ हजार पौंडांचं अनुदान ठेवलं. डॉक्टरला किमान उत्पन्नाची हमी मिळाली, प्रवासाचा भार अनुदानाने उचलला, आणि रोगी कितीही लांब राहत असो, त्याची फी ठरावीक आणि परवडेल अशी झाली. माझ्या मते सगळ्या इतिहासातला हाच मोठा निर्णय. डॉक्टर आधीही होते. अंतराची किंमत रोग्याच्या माथी मारणं तेव्हा थांबलं. गावोगाव नर्स नेमल्या गेल्या, पुढे किर्कवॉलसारख्या ठिकाणी सर्जन आले. सगळ्या देशासाठी एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली ती १९४८ च्या जुलैत, म्हणजे पस्तीस वर्षांनी. इथले म्हातारे ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे.

विमानाची कथाही शेतातूनच सुरू होते. १४ मे १९३३ ला स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयला बेटावरून एका रोग्याला विमानाने ग्लासगोजवळच्या रेनफ्र्यूला नेलं. स्कॉटलंडमधली हवाई ॲम्ब्युलन्स तिथून सुरू झाली. त्याच महिन्यात वैमानिक कॅप्टन फ्रेसन यांनी इन्व्हरनेस ते किर्कवॉल विमानसेवा चालू केली आणि पुढल्या वर्षी बेटाबेटांवर शेतकऱ्यांच्या कुरणांत विमानं उतरवायला लागले. युद्धात बेटांमधली ही सेवा बंद पडली. १९६७ पासून लोगनएअर या स्कॉटिश विमान कंपनीने ती पुन्हा सुरू केली. इथल्याच सॅन्डे बेटावरच्या आमच्या ओळखीच्या एक आजी सांगतात, रात्री रोग्यासाठी विमान यायचं तर बेटावरच्या मोटारी कुरणाच्या कडेने उभ्या करून दिवे लावायचे. आजही लहान बेटावर विमान यायची वेळ झाली की सकाळी गुरांना चारा घालणारा माणूसच अग्निशमनाचं जॅकेट चढवून धावपट्टीशी उभा असतो. त्याच विमानातून तुमच्या शेजाऱ्याची औषधंही येतात.

किर्कवॉलचं बालफोर हॉस्पिटल १८४५ पासूनचं. १९२७ मध्ये ते नव्या जागी गेलं आणि २०१९ पासून गोल आकाराच्या आताच्या इमारतीत आहे. पण तिथे सगळंच होत नाही. अवघड शस्त्रक्रिया, बऱ्याच तज्ज्ञांच्या तपासण्या आणि धोक्याची बाळंतपणं साऊथला, ॲबर्डीन शहरात. म्हणून गर्भारपणाची खात्री होताच मिडवाइफला, म्हणजे प्रशिक्षित सुईणीला, कळवा. लहान बेटावर राहत असाल तर तारखेच्या आधीच किर्कवॉलला येऊन राहावं लागतं. आई भारतातून येणार असेल तर तिकीट काढताना हे धरून चाला.

आता तुमचं पहिलं काम: सामान उघडायच्या आधी जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारख्या डॉक्टरकडे, नाव नोंदवा. पुण्यात कसं, गुडघा दुखला की थेट हाडांचा डॉक्टर. इथे वाट जीपीमधूनच जाते. दातांच्या दवाखान्यातही लगेच नाव घाला, तिथे थांबावं लागतं. चालू औषधांची यादी आणताना ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून आणा. क्रोसिन म्हटलं तर इथे कुणाला कळणार नाही, पॅरासिटामॉल कळेल. मुलांच्या लसीकरणाची नोंद इंग्रजीत हवी. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं २०११ पासून स्कॉटलंडमध्ये फुकट आहेत, आणि किरकोळ दुखण्यांवर फार्मसिस्टही बघून औषध देतो. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मिळणार नाही. त्यावरून वाद घालू नका, ते बरोबर आहे.

साऊथला तपासणीसाठी पाठवलं तर प्रवासखर्च नियमाप्रमाणे मिळतो, पण सोबत कुणी न्यायचं असेल तर मंजुरी आधी घ्यावी लागते. तिकीट स्वतः काढण्याआधी फोन करा. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी जाता येत असेल तर जाच. हिवाळ्यात वादळं आणि उन्हाळ्यात 'हार', म्हणजे समुद्रावरून येणारं दाट धुकं, विमानं अडवतात. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद होते तसं समजा, फक्त इथे ते कोणत्याही महिन्यात होतं. औषध संपायच्या दिवशी मागवायला जाऊ नका. हाताशी आठवड्याभराची राखीव ठेवा.

शेतावर कामाला येणाऱ्यांनी धनुर्वाताची लस घेतली आहे का ते पाहावं. गुरं हिवाळाभर गोठ्यात असतात, शेणमूत्र खाली टाकीत साठतं. ती टाकी ढवळताना निघणारा वायू दोन-चार श्वासांत माणूस पाडतो. आत कुणी कोसळलं तर मागोमाग उतरू नका, ९९९ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. माळावरून फिरून आलात की पायांवर गोचीड शोधा.

डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. आपल्या कातडीला ड जीवनसत्त्वाची गोळी रोज हवीच, १० मायक्रोग्रॅमची, आणि ती वर्षभर. एकटे आला असाल आणि जानेवारीत उठवेनासं झालं, झोप लागेना, तर तेही जीपीला सांगण्यासारखंच दुखणं आहे. दवाखाना बंद असताना एनएचएसच्या १११ नंबरला फोन लावा. मराठी दुभाषा हवा असेल तर तसं सुरुवातीलाच विचारा.