अमेरिकेतील गन शोमध्ये पारखून खरेदी कशी करावी

अमेरिकेतील अनेक शहरांत शनिवार-रविवारी गन शो, म्हणजे बंदुका आणि काडतुसांची विक्री-प्रदर्शने भरतात. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनात तर ४,००० हून अधिक टेबले मांडलेली असतात. अशा ठिकाणी पहिली फेरी काहीही न घेता पूर्ण करावी, कारण एकाच वस्तूचा भाव दोन टेबलांवर बराच वेगळा असू शकतो.

तत्पूर्वी आपली पात्रता तपासून घ्यावी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातील प्रमुख अपवाद होय. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही, परंतु त्यांनी मनाई असलेल्या मित्रासाठी स्वतःच्या नावावर बंदूक घेतल्यास तो गंभीर गुन्हा ठरतो आणि २०२२ च्या कायद्यानुसार त्यासाठी १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यासाठी वय किमान २१, तर रायफल किंवा शॉटगनसाठी १८ असावे लागते. असा विक्रेता ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेतो आणि पार्श्वभूमीची तपासणी करतो. खासगी व्यक्तींमधील विक्रीला केंद्रीय कायद्यात ही तपासणी सक्तीची नसली, तरी कॅलिफोर्निया, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांत ती आवश्यक आहे. दुसऱ्या राज्यात पसंत पडलेले पिस्तूल तेथूनच घरी नेता येत नाही. ते आपल्या राज्यातील परवानाधारकाकडे पाठवून त्याच्यामार्फत घ्यावे लागते.

टेबलावरील कोणतीही बंदूक विचारल्याशिवाय उचलू नये, ती रिकामी असल्याची खात्री स्वतः करून घ्यावी, नळी कोणाकडेही रोखू नये आणि मालकाच्या परवानगीविना चाप ओढू नये.

नव्या कोऱ्या बंदुका येथे दुकानापेक्षा स्वस्त मिळतातच असे नाही, आणि सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या व शोभेचे चाकू यांनी अडवलेली टेबले खुशाल ओलांडावीत. माझ्या मते खरा लाभ जुन्या मालात आहे. त्यासाठी सोबत छोटी विजेरी ठेवावी. विक्रेत्याच्या परवानगीने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढून नळीत प्रकाश टाकला, की आतील पेच, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, धारदार आहेत की झिजलेल्या, गंजाचे खड्डे आहेत का, हे दिसते. कोरलेली अक्षरे पुसट आणि कडा गोलसर झालेल्या असतील, तर पृष्ठभाग घासून त्यावर नव्याने गंजरोधक निळा मुलामा चढवल्याचा संशय घ्यावा. अशी बंदूक चकचकीत दिसली, तरी संग्राहकाच्या लेखी तिची किंमत घटते. सुट्या भागांवरील क्रमांक जुळतात का, हेही पाहावे.

या जुन्या मालात कधी कधी आपल्या बंगालमधील ईशापूर कारखान्याची २ए१ रायफल दिसते. १९६२ च्या युद्धानंतरच्या काळात ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीच्या धर्तीवर बनलेल्या या रायफलीत ७.६२ मिमी नाटो काडतूस चालते, जुने .३०३ नव्हे, तिची काडतूसपेटी (मॅगझिन) चौकोनी असून दस्त्याच्या मुळाशी असलेल्या धातूच्या पट्टीवर कारखान्याची आद्याक्षरे आणि वर्ष कोरलेले असते. ती झाडण्यापूर्वी जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावी.

काडतुसांचा भाव खोक्यावरून न ठरवता नगावर काढावा: ५० नगांचे खोके १७ डॉलरला असेल तर एक नग ३४ सेंटला पडतो, आणि १,००० नगांची पेटी ३०० डॉलरला असेल तर ३० सेंटला. काडतुसाच्या बुडावरील शिक्का वाचावा. पितळेवर हिरवट थर असलेला माल नाकारावा, आणि कोणीतरी घरी पुन्हा भरलेली, पिशवीत सुटी ठेवलेली काडतुसे कितीही स्वस्त असली तरी घेऊ नयेत, कारण त्यांत दारू किती भरली आहे हे बाहेरून कळत नाही. ५.५६ नाटो काडतूस केवळ .२२३ या दिसायला तशाच काडतुसासाठी बनवलेल्या रायफलीत वापरू नये. पत्र्याच्या डब्यांतील जुना सोव्हिएत माल स्वस्त मिळाला, तरी त्याच्या प्रायमरमधील (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतील) क्षार नळी गंजवतात, म्हणून तो झाडल्यावर त्याच दिवशी नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे लागते.

घासाघीस रविवारी दुपारनंतर करावी. तेव्हा माल परत बांधून नेण्याचा कंटाळा विक्रेत्यालाही आलेला असतो आणि रोख रक्कम समोर ठेवली तर तो बहुधा खाली उतरतो.

काडतुसे आणण्यासाठी वापरलेली पिशवी मात्र भारतप्रवासाला कधीही घेऊ नये, कारण तिच्या कप्प्यात विसरलेले एकच काडतूस मुंबई विमानतळावर सापडले, तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली पोलीस चौकशीला तोंड द्यावे लागू शकते.