लॉगऑन स्क्रिप्ट चालत नाही? आधी ती सुरू होते का ते तपासा

"माझा झेड ड्राइव्ह आज दिसत नाहीये," अशी तक्रार आली की बहुतेक जण थेट लॉगऑन स्क्रिप्ट (युजर लॉगऑन करताच ड्राइव्ह जोडण्यासारखी कामे आपोआप करणारी कमांडची फाइल) उघडून ओळी बदलायला घेतात. तसे करू नका. स्क्रिप्ट सुरूच झाली नाही आणि सुरू होऊन मध्येच अडली, या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

१. खूण ठेवा. स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळीत तारीख, वेळ, युजरचे नाव आणि कॉम्प्युटरचे नाव युजरच्या टेम्प फोल्डरमधल्या एका फाइलला जोडणारी एको कमांड टाका. शेवटच्या ओळीतही तशीच एक टाका. आता युजरला लॉगऑफ करून पुन्हा लॉगऑन करायला सांगा आणि फाइल बघा. पहिली नोंद आहे पण शेवटची नाही, तर सरळ पायरी ५ वर जा.

फाइल बघण्याआधी पाच मिनिटे थांबा, हे मुद्दाम सांगतो. विंडोज ८.१ पासून ग्रुप पॉलिसीतली (युजर आणि कॉम्प्युटरना एकाच जागेवरून सेटिंग लावण्याची सोय) लॉगऑन स्क्रिप्ट मुळातच ५ मिनिटे उशिरा चालते. "चालतच नाही" म्हणून आलेली तक्रार कित्येकदा एवढ्यावरच मिटते. उशीर नको असेल तर कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, ग्रुप पॉलिसी या क्रमाने जाऊन "कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले" चालू करा आणि मिनिटे ० ठेवा.

२. स्क्रिप्ट नेमकी कुठून लावली आहे? जागा दोन असतात. एक, युजरच्या प्रॉपर्टीजमधला प्रोफाइल टॅब. तिथे पूर्ण पाथ लिहायचा नसतो. नेटलॉगऑन शेअरमधल्या (डोमेनच्या सर्व्हरवरचे, स्क्रिप्ट ठेवायचे सामाईक फोल्डर) फाइलचे नाव पुरते. दुसरी जागा ग्रुप पॉलिसी. जुन्या डोमेनमध्ये (एकत्र सांभाळलेले संस्थेचे कॉम्प्युटर आणि खाती) दोन्हीकडे स्क्रिप्ट लावलेल्या सापडतात आणि त्या एकाच ड्राइव्ह लेटरवरून भांडतात.

३. पॉलिसी युजरपर्यंत पोचते का? त्याच युजरच्या लॉगिनमध्ये, अ‍ॅडमिन म्हणून नव्हे, कमांड प्रॉम्प्टवर जीपीरिझल्ट /आर (gpresult /r) चालवा; लागू झालेल्या पॉलिसींची यादी दिसते. यादीत पॉलिसी नसेल तर युजरचे खाते कुठल्या ओयूमध्ये (डोमेनमधला खात्यांचा कप्पा) आहे ते पाहा. कॉम्प्युटर ज्या ओयूत आहे तिथे युजरची पॉलिसी जोडून ठेवणे ही नेहमीची चूक. लूपबॅक (कॉम्प्युटरच्या ओयूवरची युजर पॉलिसी लागू करणारे सेटिंग) चालू नसेल तर ती लागू होत नाही. पॉलिसी सिक्युरिटीमुळे नाकारलेली दिसत असेल तर परवानग्या तपासा. जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटनंतर युजरची पॉलिसीसुद्धा कॉम्प्युटरच्या खात्याने वाचली जाते. कुणी "ऑथेंटिकेटेड युजर्स" काढून फक्त एखादा युजर ग्रुप ठेवला असेल, तर "डोमेन कॉम्प्युटर्स"ला रीड परवानगी द्यावीच लागते.

४. फाइल मिळते का? एक्सप्लोररमध्ये दोन बॅकस्लॅश, डोमेनचे नाव, एक बॅकस्लॅश आणि नेटलॉगऑन असे टाइप करा. उघडले नाही तर आधी क्लायंटचे (युजरच्या कॉम्प्युटरचे) डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधण्याचे सेटिंग, पाहा. तिथे डोमेनचेच डीएनएस सर्व्हर हवेत. दुसऱ्या क्रमांकावर बाहेरचा पब्लिक डीएनएस ठेवला की कधी चालते, कधी नाही. शेअर उघडला पण आत फाइल जुनीच असेल, तर लॉगऑनसर्व्हर हे व्हेरिएबल बघून कुठल्या डोमेन कंट्रोलरने (लॉगऑन तपासणारा डोमेनचा सर्व्हर) लॉगऑन केले ते शोधा आणि इतर कंट्रोलरवरच्या फाइलची तारीख ताडून पाहा. तारखा जुळत नसतील तर दोष सिसव्हॉलच्या (कंट्रोलरवरचे पॉलिसी आणि स्क्रिप्टचे फोल्डर) रेप्लिकेशनचा, म्हणजे कंट्रोलरमधल्या नकला जुळवण्याचा आहे. पायरी १ मधली खूण न दिसण्याचे कारणही हेच असू शकते.

५. सुरू होऊन अडते आहे. स्क्रिप्ट युजरच्या लॉगिनमध्ये हाताने चालवा आणि एरर नंबर वाचा. नेट यूजमध्ये (नेटवर्क ड्राइव्ह जोडणारी कमांड) ५ म्हणजे परवानगी नाही, ५३ म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही, ८५ म्हणजे ते ड्राइव्ह लेटर आधीच वापरात आहे. १२१९ आला तर त्याच सर्व्हरला दुसऱ्या युजरच्या नावाने जोडणी झालेली असते. नेट यूजने यादी काढून जुनी जोडणी तोडा.

हाताने चालवली की ड्राइव्ह येतो, लॉगऑनला मात्र येत नाही, आणि युजर लोकल अ‍ॅडमिन आहे? मग कारण बहुधा यूएसी, म्हणजे अ‍ॅडमिनलाही रोजच्या कामात मर्यादित अधिकार देणारी विंडोजची सोय. ग्रुप पॉलिसीतली स्क्रिप्ट अ‍ॅडमिनच्या पूर्ण टोकनमध्ये (लॉगऑनला मिळणारा अधिकारांचा संच) ड्राइव्ह जोडते, एक्सप्लोरर मात्र मर्यादित टोकनवर चालतो, म्हणून तो दिसत नाही. खात्री करायला कमांड प्रॉम्प्ट "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर"ने उघडून नेट यूज द्या. हरवलेला ड्राइव्ह तिथे सापडेल. रोजच्या कामाच्या खात्याचे अ‍ॅडमिन अधिकार काढणे हाच माझ्या मते यावरचा योग्य उपाय.