बोटीच्या इंजिनला आफ्टरमार्केट हेडर घ्यायचेत? आधी पाणी कुठे मिसळतं ते बघा

हेडर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जुडगा, घ्यायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, हॉर्सपॉवर किती वाढेल? मला वाटतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. बोटीत हेडर चांगला की वाईट हे ठरतं थंड करायचं पाणी एक्झॉस्टमध्ये कुठे सोडलंय आणि ते उलटं सिलिंडरकडे येऊ शकतं का यावर, कारण पॉवर दहा-वीस कमी मिळाली तर काही बिघडत नाही पण पाणी आत गेलं तर अख्खं इंजिन हातचं जातं.

मी इथे स्टर्नड्राइव्ह आणि इनबोर्डमधल्या, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल व्ही-८ इंजिनांबद्दलच बोलतोय, म्हणजे शेवी (शेव्हरोले) ३५० हा स्मॉल ब्लॉक किंवा ४५४, ५०२ हे बिग ब्लॉक वगैरे. यांच्यावर कंपनीतून ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करणारे डबे येतात, त्यावर धूर वर उचलून खाली वळवणारा रायझर किंवा एल्बो, आणि एल्बोच्या पुढे पाणी धुरात मिसळून दोन्ही रबरी होजमधून बाहेर पडतं. साधी सिस्टीम आहे आणि टिकतेही बरी. अडचण अशी की एका बाजूचे चारही सिलिंडर एकाच डब्यात धूर सोडतात. शेवीची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, म्हणजे ५ नंतर लगेच ७, आणि हे दोघं एकाच बाजूला शेजारी-शेजारी. पाचचा धूर अजून पूर्ण बाहेर पडायचाय तेवढ्यात सातचा व्हॉल्व्ह उघडतो आणि दोघं एकमेकांच्या वाटेत येतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी, पुढे जाऊन एकत्र, त्यामुळे ही मारामारी थांबते. फायदा खरा आहे, पण तो जास्त आरपीएमला आणि सुधारलेल्या हेड-कॅमवर (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) दिसतो. इंजिन पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसंच असेल तर फरक थोडाच पडतो, त्यापेक्षा चांगल्या ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस मॅनिफोल्डवर पैसे घालवलेले बरे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक गोष्ट ज्यावर तडजोड नाहीच. बंद इंजिन कंपार्टमेंटमध्ये गाडीचे कोरडे हेडर लावायचे नाहीत, कितीही स्वस्त मिळाले, फ्लँज, म्हणजे इंजिनला बोल्टने लागणारी पट्टी, अगदी तंतोतंत बसला तरी नाही. लोडवर कोरड्या हेडरचा पृष्ठभाग पाचशे अंश सेल्सियसच्या पुढे सहज जातो, पेट्रोलची वाफ अडीचशे-तीनशेच्या आसपास ठिणगीशिवायही पेटू शकते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात साचून राहते. उष्णतारोधक पट्टी गुंडाळून हा धोका जात नाही. कोरडे हेडर शोभतात ते उघड्या इंजिनाच्या जेट बोटींना किंवा रेसिंगच्या बोटींना. बाकी सगळ्यांनी पूर्ण वॉटर-जॅकेटवालेच घ्यावेत, म्हणजे नळीभोवती दुसरी नळी आणि मधून फिरणारं पाणी. 'अर्धे जॅकेटवाले' म्हणून विकतात त्यात कुठला भाग उघडा राहतो ते स्वतः बघा.

मग येतो कॅमशाफ्ट. हेडर निवडण्याआधी कॅमचं कार्ड, म्हणजे त्याच्या मापांचा कागद, हातात पाहिजे, नसेल तर ज्याने इंजिन बांधलं त्याला विचारा. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकदम उघडे असतात त्याला ओव्हरलॅप म्हणतात. आयडलला, म्हणजे इंजिन जागच्या जागी मंद चालू असताना, थ्रॉटल बंद, इनटेकमध्ये व्हॅक्युम जोरदार, त्यामुळे ओव्हरलॅप जास्त असेल तर धूर उलटा आत खेचला जातो आणि जवळ पाणी असेल तर धुराबरोबर तेही येतं. यालाच रिव्हर्जन म्हणतात. गंमत अशी की फुल स्पीडला काहीच होत नाही, बोट जेट्टीपाशी शांत गुरगुरत उभी असते तेव्हा हे चालू असतं. म्हणूनच बोटीसाठी लोब सेपरेशन (कॅमच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांमधला कोन) ११२ ते ११४ अंशांचा कॅम पसंत करतात, ओव्हरलॅप कमी राहतो.

तुमचा कॅम सौम्य, म्हणजे कमी ओव्हरलॅपचा असेल तर पाणी हेडरच्या तोंडाशी, म्हणजे कलेक्टरनंतर (सगळ्या नळ्या एकत्र येतात ती जागा) लगेच मिसळलं तरी सहसा चालतं. कॅम तगडा असेल तर 'ड्राय टेल' लागते, म्हणजे आतली नळी बरीच पुढपर्यंत कोरडी राहते, पाणी फक्त बाहेरच्या जॅकेटमधून जातं आणि टोकाजवळ जाऊन धुरात मिसळतं. विक्रेत्याला सरळ विचारा की व्हॉल्व्हपासून पाणी मिसळण्याच्या जागेपर्यंत किती इंच आहेत आणि माझ्या कॅमला हे पुरेल का. नुसतं 'सगळ्यांना चालतं' असं उत्तर आलं तर दुसरा विक्रेता शोधा. आणखी एक, बाहेरून गार पाणी आणि आतून गरम ओला धूर म्हटल्यावर लांब पातळ नळीत आयडलला आतल्या आतही थोडं पाणी सुटतं, त्यामुळे तासन्‌तास मासे पकडत आयडलवर चालणाऱ्या बोटीला मी हेडर सुचवतच नाही.

उंची पण मोजा. बोट पाण्यात, टाकी भरलेली, माणसं-सामान चढलेलं, अशा स्थितीत वॉटरलाइनपासून एक्झॉस्टचा सगळ्यात उंच बिंदू साधारण १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर तरी वर हवा, आणि पाणी त्या बिंदूच्या पुढे उतारावरच मिसळायला हवं. तिथून ट्रान्समपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीपर्यंत, सतत उतार, दर फुटाला निदान अर्धा इंच धरा. मध्ये कुठे पोट आलं की तिथे पाणी साचणार, आणि लाट मागून आली की ते पुढे ढकललं जाणार. काही हेडर देखणे दिसतात पण इतके बुटके असतात की जड बोटीत ही उंची मिळतच नाही, मग वेगळा रायझर शोधत बसावं लागतं.

धातूबद्दल थोडक्यात. गोड्या पाण्यात ३०४ स्टेनलेस चालतं, खाऱ्या पाण्यात ३१६एल घ्या. त्यातला एल म्हणजे कार्बन कमी, त्यामुळे वेल्डिंगच्या कडेला गंज लवकर लागत नाही, आणि हेडर फुटतो तो बहुतेक वेल्डच्या कडेलाच. पण ३१६एल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, गरम खारं पाणी स्टेनलेसलाही खड्डे पाडतं, दर वेळी गोड्या पाण्याने फ्लश करायचंच. फ्लँज जाड बघा, तीन अष्टमांश इंच असेल तर छान, पातळ असेल तर तापून वाकतो आणि गॅस्केट जातं.

मापाचं म्हणाल तर स्मॉल ब्लॉकला पावणेदोन इंचाच्या आसपासची नळी, बिग ब्लॉकला दोन ते सव्वादोन. मोठी म्हणजे चांगली असं अजिबात नाही. बोटीचं इंजिन म्हणजे कायम घाट चढत असलेला ट्रक, त्याला मधल्या आरपीएमचा टॉर्क लागतो, प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलून घसरत जायच्या स्थितीत यायचंय, आणि उगाच जाड नळीने धुराचा वेग पडून नेमका तोच टॉर्क जातो. बाकी पोर्टचा आकार गॅस्केट ठेवून जुळवा, स्पार्क प्लगला पाना जातो का बघा, स्टार्टर, माउंट आणि स्ट्रिंगरपासून (बोटीच्या तळातल्या लांब आधारपट्ट्या) अंतर मोजा. जुळ्या इंजिनांची बोट असेल तर दोन इंजिनांच्या मधली जागा आधी मोजा, तिथेच बहुतेक अडतं.

पाण्याची जोडणीही याच हिशोबात येते. पाणी जॅकेटमध्ये सगळ्यात खालून आत आणि सगळ्यात वरून बाहेर, नाहीतर हवेचा फुगा अडकतो आणि तेवढीच जागा लालबुंद होते. सगळंच पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलं तर बॅकप्रेशर वाढतं, म्हणून जास्तीचं पाणी वेगळ्या डंप लाइनने बाहेर काढतात, पण इतकंही काढू नका की रबरी होज कोरडा पडून जळेल. जॅकेटला किती प्रेशर सोसतं तो आकडा निर्मात्याकडून घ्या आणि फुल स्पीडला गेज लावून तपासा. होज मरीन एक्झॉस्टचाच, त्यावर एसएई जे२००६ हे मानक छापलेला, आणि प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प.

जुने हेडर घेताय? मग टॉर्च घेऊन प्रत्येक पोर्टमध्ये डोकवा. कोरडी काळी काजळी म्हणजे ठीक. काजळीतून खाली उतरलेली तांबूस रेघ दिसली किंवा एका नळीचा आतला भाग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर पाणी झिरपतंय. त्यानंतर जॅकेटची तोंडं बंद करून १५-२० पीएसआय हवा भरा, साबणाचं पाणी लावा, वेल्डवर बुडबुडे शोधा, आणि अर्धा तास गेजचा काटा हलतो का बघा. विकणारा हे करू देत नसेल तर सोडून द्या.

हेडर बसवल्यावर इंजिनाचं ट्यूनिंग बदलतं, कार्ब्युरेटर असेल तर जेट आणि फ्युएल इंजेक्शन असेल तर मॅप पुन्हा बघून घ्या, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी राहिलं तर पिस्टन जळतो. मॅनिफोल्डमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल, अमेरिकेत २०१० पासूनच्या बहुतेक स्टर्नड्राइव्ह-इनबोर्ड पेट्रोल इंजिनांत असतो, तर तो काढून हेडर लावणं कायद्यात बसत नाही. आवाजाची मर्यादा आपापल्या भागाची तपासा. धूर बाहेर पडायची जागा बदलली असेल तर कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावाच, मागे माणसं बसतात आणि चालत्या बोटीत धूर उलटा आत खेचला जातो. फुल थ्रॉटलला आरपीएम निर्मात्याच्या मर्यादेपलीकडे गेलं तर प्रोपेलरची पिच (एका फेऱ्यात तो पुढे सरकतो ते अंतर) वाढवा, एका इंचाला साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतं.

पहिल्यांदा चालवताना इन्फ्रारेड थर्मामीटर हातात ठेवा आणि प्रत्येक नळीचं जॅकेट मोजा, एखादी बाकीच्यांपेक्षा खूपच गरम लागली तर लगेच बंद करा, तिथे पाणी पोचत नाहीये. गार झाल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्क करा. मग दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवून बंद करा, सगळे प्लग काढा आणि बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा, घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघा. थेंब किंवा ताजा गंज दिसला तर स्टार्टर मारू नका, प्लग बाहेर ठेवूनच हाताने इंजिन फिरवा, पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि टेल बदलेपर्यंत बोट बाहेर नेऊ नका.