बुडालेल्या मोटरसायकलच्या इंजिनातलं पाणी कसं काढायचं

बुडालेली गाडी बाहेर काढली की हात आधी किल्लीकडे जातो. तो आवरा. १०:१ कॉम्प्रेशनच्या, म्हणजे आतली हवा दहाव्या हिश्शात दाबणाऱ्या, १५० सीसी इंजिनात पिस्टन टोकाला पोचल्यावर वर उरणारी जागा जेमतेम १७ मिली असते, म्हणजे साडेतीन चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये त्याहून जास्त पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा) वाकू शकतो. गाडी ढकलून गिअरमध्ये टाकणं त्याहून वाईट, कारण तेव्हा अख्ख्या गाडीचा जोर त्या रॉडवर येतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग गाडीवरची चिखलाची रेघ पाहा. पाणी फक्त चाकांपर्यंत आलं असेल तर ब्रेक, बेअरिंग आणि चेन एवढंच पाहायचं. सायलेन्सर बुडाला असेल तर उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असू शकतं. रेघ एअर बॉक्सच्या (एअर फिल्टर असतो तो डबा) वर असेल तर इंजिनात पाणी आहे असं धरूनच चाला.

गाडी मेन स्टँडवर लावून तासभर स्थिर राहू द्या. इंजिन फिरलेलं नसेल तर पाणी ऑइलच्या खाली बसतं. इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट हळूहळू सैल केला की आधी पाणी येतं, मागून ऑइल. ऑइल दुधाळ, दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं तर दोन्ही घुसळली गेली आहेत. ऑइल आधी काढायचं ते याचसाठी, नाहीतर इंजिन फिरताच पंप हेच मिश्रण बेअरिंगपर्यंत पोचवतो.

आता एअर बॉक्स उघडा. कागदी फिल्टर भिजला असेल तर फेकाच, वाळवून तो पुन्हा नीट काम करत नाही. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून बसवा. बॉक्सच्या तळाच्या नळीचं बूच काढून साचलेलं पाणी सोडा. गाडीचं पुढचं चाक उंचावर घेतलं तर सायलेन्सरमधलं बरंचसं पाणी मागून निघतं.

मग स्पार्क प्लग काढा. भोकावर जाडसर फडकं सैल ठेवा, चेहरा बाजूला ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इग्निशन बंद ठेवूनच सावकाश किक द्या. किक नसलेल्या गाडीत सर्वांत वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. पिचकारीसारखं पाणी उडेल. ते थांबेपर्यंत फिरवत राहा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर, साधारण ५ मिली, इंजिन ऑइल सोडून पुन्हा काही वेळा फिरवा. ओल्या सिलिंडरला दिवसाभरातही गंज धरू लागतो, त्यामुळे पुढचं काम आज जमणार नसेल तरी एवढं आजच उरका.

टाकी बुडाली असेल तर सगळं पेट्रोल काढा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि नेमकं तिथूनच इंजिनाला पेट्रोल जातं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये तर इथेनॉलही पाण्याबरोबर वेगळं होऊन खाली येतं, त्यामुळे वरचं स्वच्छ दिसणारं पेट्रोलही भरवशाचं राहत नाही. कार्ब्युरेटर असेल तर फ्लोट बाऊलचा, म्हणजे त्याच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीचा, ड्रेन स्क्रू उघडा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरेपर्यंत किल्ली ऑन करू नका, पंप लगेच तेच पाणी इंजेक्टरकडे ढकलतो.

वायरिंगचे कनेक्टर एकेक सोडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वाळू द्या. फ्यूज बॉक्स आणि प्लग कॅप विसरू नका.

ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह बसवा आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं स्वस्तातलं मोटरसायकल ऑइल भरा. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना साधारण १ लिटर लागतं. कारचं ऑइल नको, त्यातल्या काही पदार्थांमुळे ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच चालणारा, क्लच घसरू शकतो. डिझेल घालून इंजिन धुण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती टाळावी: डिझेल पातळ असतं, आणि कोपऱ्यात उरलेलं डिझेल नव्या ऑइललाही पातळ करतं.

प्लग आणि बॅटरी जोडून गाडी सुरू करा. थ्रॉटल न देता इंजिन जागेवरच ३ ते ५ मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि ऑइल गरम असतानाच काढा. पुन्हा भरा, या वेळी १० मिनिटं. दुधाळपणा जाईपर्यंत हे करत राहायचं, बहुधा दोन-तीन वेळा. मग नवा ऑइल फिल्टर आणि चांगलं ऑइल घाला. त्यानंतर सलग अर्धा तास गाडी चालवा; नुसत्या आयडलवर ऑइल पुरेसं तापत नाही आणि उरलेली ओल आतच राहते. अर्थात त्याआधी ब्रेक उघडून चिखल काढलेला हवा आणि चेनला वंगण लावलेलं हवं. ३०० ते ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणखी एकदा बदला.

खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी मात्र आधी बाहेरून भरपूर गोड्या पाण्याने धुवा आणि कनेक्टर त्याच दिवशी उघडा, तांब्यावर हिरवा थर चढायला वेळ लागत नाही.

चालू इंजिन पाण्यात बंद पडलं असेल तर हिशेब वेगळा. प्लग काढूनही इंजिन एका ठिकाणी अडत असेल, कॉम्प्रेशन कमी लागत असेल किंवा सुरू झाल्यावर खालून ठकठक येत असेल, तर रॉड वाकलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ऑइल बदलत बसू नका, इंजिन बंद करून मेकॅनिककडून उघडून घ्या.